पोच

महिना संपला की यासीनभाईंना मी अहवाल पाठवतो.
चार पानं, आणि वर चढत जाणारी एक निळी रेघ.
ते क्वार्टर गेटला, बंद पडलेल्या एसटीडी बूथच्या आडोशाला,
किल्ल्यांचं खोकं मांडून बसलेले असतात.
कानशीचा काळा कीस लागलेल्या अंगठ्यानं फाइल उघडतात
आणि दर वेळी विचारतात, "ही रेघ कुणाची?"

तुमचीच, मी म्हणतो.
मार्चमध्ये चारशे लोकांना दिसलात,
जूनमध्ये नऊ हजारांना.
"नऊ हजार? मी तर इथंच बसलो होतो."

बाणेरला, चौथ्या मजल्यावर,
दिवसभर मी बिल्डरांची पोच वाढवतो,
दातांच्या दवाखान्यांची, एका योगावर्गाची.
यासीनभाई माझं खाजगीतलं गिऱ्हाईक.
स्कूटरची किल्ली करून दिली होती त्यांनी,
सुटे नव्हते म्हणून म्हणाले, राहू दे, या कधीतरी.

पोच म्हणजे काय, एकदा त्यांनी विचारलं.
अब्बांच्या वेळी पोच म्हणजे
तासगावहून परत आलेला मनीऑर्डरचा कागद,
त्यावर दादीचा अंगठा.
तसंच आहे, मी म्हटलं.
फक्त आता अंगठा उमटत नाही, पुढे सरकतो.

जाहिरात साधी: रात्री-अपरात्री किल्ली, फोन करा.
दिवसाला साठ रुपये. दहा किलोमीटरचं वर्तुळ.
जो लिहील "कुलूप", "किल्ली", "जवळपास", "आत्ता"
त्याला यासीन शिकलगार दिसणार, दाढी रंगवलेले, हसरे.
पहिलाच अभिप्राय आला:
दुपारी दोन वाजता फोन उचलला, पुण्यात असूनही.
पाच तारे.

मग जुलैत, रात्री पावणेदोनला, उंड्रीहून एक बाई.
किल्ली हरवली नव्हती.
कुलूप बदलायचं होतं. उजाडायच्या आत.
ते गेले. दाराशी एक मूल
दप्तर छातीशी धरून बसलं होतं, शाळा नसताना.
यासीनभाईंनी काही विचारलं नाही.
स्क्रू घट्ट करताना बाई म्हणाली, आवाज होऊ देऊ नका,
आणि मग म्हणाली, होऊ दे.

सकाळी सव्वानऊला दुसरा फोन.
पुरुष. आवाज मऊ, सभ्य.
"माझ्याच घराची किल्ली लागत नाहीये हो.
तुमची जाहिरात दिसली."
तीच सोसायटी. तोच मजला.

मी आकडे पाहिले नंतर.
तिचा क्लिक अकरा रुपये वीस पैसे,
त्याचा नऊ रुपये.
सकाळी स्वस्त पडतं.
यंत्राला पोच आहे,
पाचपोच नाही.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.
"त्या बाजूला येत नाही म्हटलं."
मग खोक्यातली कोरी किल्ली उगाच पुसत म्हणाले,
"कुलूप चांगलं बसवलंय मी.
सहजासहजी उघडायचं नाही."

त्या संध्याकाळी मी नकाशा उघडला
आणि उंड्रीच्या त्या टोकाला
दीड किलोमीटर खोडून टाकलं.
तिथे आता आम्ही कुणाला दिसत नाही.
ऑगस्टच्या अहवालात रेघ जराशी वाकलीय.
यासीनभाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं, वाकल्या जागी थांबले,
या वेळी विचारलं नाही कुणाची.

फक्त मला झोप लागत नाही तेव्हा
फोनवर खोटंच ठिकाण टाकून
मी त्या रिकाम्या गोलात उभा राहतो, लिहितो:
किल्ली, जवळपास, आत्ता.

आमच्या जागी तिसराच कुणीतरी येतो,
मांजरीचा, की हडपसरचा.
कुठलंही कुलूप, दहा मिनिटांत.
चार पूर्णांक आठ तारे.