गुडघ्याएवढं दार

आवे, आबिजानहून आलास तो
ताठ मानेनं घरात शिरायला गेलास.
आलं ना कपाळाला टेंगूळ?
तिएबेलेत दार गुडघ्याएवढंच.
आधी डोकं आत येतं, मागून माणूस,
आणि आत बुटकी भिंत आडवी –
घरातल्याला ठरवायला तेवढा वेळ मिळतो,
पाणी पुढं करायचं की सोटा.

चौकोनी घर जोडप्याचं,
गोल, बिनलग्नाच्याचं.
हे तुंब्यासारखं, कमरेत आवळलेलं,
आम्हा म्हाताऱ्यांचं.
चाळिशी आली तुझी, एकटाच आहेस,
गोलात झोप.

सिमेंट आणलंयस म्हणे, पत्रेही.
बांध की.
फक्त सांगून ठेव,
गिनी कोंबडीचं पीस काळ्यात बुडवून
ही काचाना उभी राहील भिंतीपुढं,
तेव्हा तिनं कुणाचं घर म्हणून रेघ ओढायची?