हिरवे तीन, लाल सात

सिलिंडरमधली हवा संपली, त्याला दीड महिना झाला.
भरायची तर अकोल्याला जावं लागतं,
आणि सीझनमध्ये जिनिंगचा वजनकाटा सोडून
कोण जाऊ देतं.
म्हणून कोरडाच सराव.

मागच्या गोदामात, गठाणींच्या वासात,
चुन्याच्या भिंतीवर वाटी पालथी घालून
आखलेलं वर्तुळ, आत काजळ.
पंचवीस मीटरवरचं काळं
चार मीटरवर एवढंच दिसतं,
त्रैराशिक मांडलं होतं काट्याच्या पावतीमागे.

पहिले वीस रुपयाच्या नाण्यासकट.
नळीवर नाणं, बोटाखाली ट्रिगर,
आणि दाबत जायचं, झोपलेल्या लेकराच्या
मानेखालून हात काढावा तसं.
टक्.
गोळी असली की चूक गोळीबरोबर निघून जाते,
आपण म्हणतो वारा होता.
कोरड्यात वारा नाही.
माशी हलली ती हललीच,
नाणं फरशीवर गोल फिरत सगळ्यांना सांगतं.

मग नयन बोर्डाशी बसतो.
नयन टेकाम, चौकीदाराचा, सहावीतला.
शारदेच्या मांडवातले दोन बल्ब,
लाकडी फळीवर दोन बटणं.
मोजणी तो मनात करतो, ओठ हलतात.
लाल सात: हात खाली, तिरपा.
हिरवे तीन: हात वर, माशी खाचेत, काजळाच्या पोटात,
टक्.
लाल सात.

त्याची माय दारात तूर पाखडता पाखडता विचारते,
"कोनाले मारून रायली वं बाई रोज?"
कोनालेच नाही, काकू.
"मंग येवढी काहून घामेजली?"

पाचात पाच. सलग नऊ दिवस पाचात पाच.
मला वाटलं, जमलं.
दहाव्या दिवशी हिरव्याची पिन सैल.
नयननं बटण दाबलं, दिवा लागलाच नाही,
लाल तसाच जळत होता,
आणि माझा हात वर.
टक्.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.
म्हणजे नऊ दिवस मी दिव्यावर उठत नव्हते,
बटणाच्या खट् वर उठत होते;
त्याआधी तो श्वास घेतो, थोडी त्यावरही.
नागपूरला रेंजवर कोणी श्वास घेऊन सांगत नाही.
तिथे रंग बदलतो, बस.

खाली सांडलेली रुई उचलली,
सरकी निघालेली, हलकी,
चिमूटभर या कानात, चिमूटभर त्या.
पहिल्या दिवशी पाचात एक.
दुसऱ्या दिवशीही एक, तोही चुकून.
हिरवा येऊन जायचा, हात खालीच.
कापसाच्या आत आपलीच नाडी मोठी होते
आणि ती घाई कर म्हणते.
तिचं ऐकायचं नाही, एवढं शिकायला
संक्रांतीची शिवरात्र झाली.

एका लालच्या सातांत नयन काहीतरी बोलला.
ओठ दिसले. मोजणीचे नव्हते.
मी मान हलवली, हो म्हटल्यासारखी,
कारण हात खाली होता
आणि हिरवा आता येणार होता.
पाचात चार.
कापूस काढून विचारलं, काय म्हणत होता रे?
"कायी नाही."

शनिवारी चौकीला कुलूप.
बापाला वणीच्या जिनिंगात पाठवलं म्हणे,
आठ दिवसांपासून ठरलं होतं,
मुकादम म्हणाला, तुमाले नाही सांगतलं?

फळी गोदामातच आहे,
सैल पिन सुतळीनं आवळून ठेवलेली.
एका हातात बटण, एका हातात पिस्तूल
असं करून पाहिलं. होत नाही.
आपल्याच बोटाला आपण काय चकवणार.

आता लाल तेवढा लावते,
कानांत रुई घालते,
हात खाली घेऊन उभी राहते.
सात होतात.
चौदा होतात.