दोनदा टक्का

हर्णैच्या वाळूवर लिलाव उठला की
सोसायटीच्या खोलीत माणसं येतात ओल्या पायांनी
आणि मी पावत्या छापते.
आधी हे काम दाऊदचाचांकडे होतं.
लाल बासनातली वही, कानामागे पेन्सिल,
आकड्यांच्या रांगा अशा सरळ
की गवंड्याने ओळंबा म्हणून धराव्या.
माझ्याकडे जावा, आणि एक जुना प्रिंटर
करवतीसारखा ओरडणारा.

पहिल्या दिवशी चाचा पडद्यापाशी वाकले.
अवतरणचिन्हांत एक लांबलचक ओळ:
%s %.2f %.2f %.2f
'इतके टक्के? कुणाचे? दलालाचे?'
टक्के नाहीत चाचा, रिकाम्या जागा आहेत.
एस म्हणजे इथे शब्द बसेल,
एफ म्हणजे अपूर्णांक, पैशांना दोन घरं,
डी म्हणजे अख्खी संख्या, खलाशी मोजतो तशी.
मग स्वल्पविराम देत एकेकाला हाक मारायची,
पहिली हाक ज्याला, पहिली जागा त्याची.
'म्हणजे पंगत,' ते म्हणाले,
'पानं आधी, माणसं मागून.'

पंगतच.
पान मांडलं आणि माणूस आला नाही
तर मोठ्याने आरडाओरडा, सगळं जेवण मोडतं.
माणूस जास्त झाला तर मात्र
कुणी हूं का चूं करत नाही,
तो भिंतीशी उपाशी उभा.

मंगळवारी मी वजनाच्या आधी भावाला हाक मारली.
दोघेही अपूर्णांक, यंत्राला काय त्याचं?
गुणाकार बरोबर, सोळा हजार एकशे पन्नास.
कारकुनाने सही केली, चाचांनीही मान हलवली.
कमळजा चोगले तेवढी दारातून परत आली.
'तीनशेऐंशी किलो सुरमय? माज्या व्हडीत?
बुडाली नसती गो ती?'
साडेबेचाळीस किलो होती. भाव तीनशेऐंशी.

तिची पावती दुरुस्त करताना
मला नाव लिहायचं होतं. तिचं, आणि तिच्या होडीचं.
मी दोन्ही चलांना 'नाव' म्हटलं.
कंपायलर म्हणाला, नाव आधीच आहे.
आधीच होतं, खरंच:
होडी नवऱ्याच्या नावावर, नवरा तीन वर्षं फोटोत,
पावतीवर अजून तोच.
मी दुसऱ्याचं 'बाई' केलं, शेवटी हाक मारली,
आणि पान मांडायलाच विसरले.
पावती निघाली. चूक नाही, तक्रार नाही.
कमळजा कुठेच नाही.
तेव्हा भिंतीशी उभं राहणं म्हणजे काय ते कळलं,
आणि ओळीच्या सुरुवातीलाच मी एक %s घातला,
तिची हाक सगळ्यांच्या आधी आणली.

आता दलाली.
चाचांच्या वहीत ती कधी लिहिलीच नव्हती,
कापून उरलेली रक्कम तेवढी असायची.
खरा टक्का कागदावर यायचा असेल
तर चिन्ह दोनदा लिहावं लागतं: %%
एकदाच लिहिलं तर यंत्र त्याला जागा समजतं,
इथे कोण बसणार, विचारत अडून राहतं.
मी दोनदा लिहिलं.
दलाली ५%, आठशे सात रुपये पन्नास पैसे.
हाती पंधरा हजार तीनशे बेचाळीस, पन्नास पैसे.

खेडेकर शेठ पावती उलटीपालटी करत राहिले.
'हे कशाला छापायचं? सगळ्यांना ठाऊक आहे.'
'ठाव हाय,' कमळजा म्हणाली,
पावतीची घडी घातली, कनवटीला लावली,
आणि बर्फाच्या पैशांवरून
बाहेर कुणाशी तरी भांडायला गेली.

एक गोष्ट अजून जमलेली नाही.
प्रत्येक मासळीला बारा घरं दिलीत मी,
पण यंत्र काना, मात्रा, अनुस्वार सुटे मोजतं.
बांगडा तीन अक्षरांचा, त्याच्या हिशोबी सहा.
पापलेट चार अक्षरांचं, तेही सहा.
म्हणून बांगड्याचा भाव पापलेटाच्या भावाखाली
बसत नाही, जरा डावीकडे सरकतो,
भरतीने ढकललेल्या मचव्यासारखा.

दाऊदचाचा रोज संध्याकाळी येतात,
कागदाची भोकाची पट्टी फाडतात,
कानामागची पेन्सिल काढतात
आणि काही न बोलता
माझ्या आकड्यांच्या शेजारी उभी रेघ मारतात.