मागचा शब्द

मांद्रेच्या उतारावर सहा खोल्यांचं गेस्टहाउस,
तिथल्या टेबलामागे रात्रपाळीला मी.
गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं उलटी करून
त्यांच्या कोऱ्या पाठीवर इंग्रजी लिहितो.

सरळ शब्दांची भीती गेली आहे.
लुक म्हणजे बघणं, रन म्हणजे धावणं,
पुट म्हणजे ठेवणं,
एवढं पेडण्याच्या शाळेत मास्तरांनी
कान धरून दिलेलंच होतं.
घात करतो तो मागचा शब्द.
अप, आउट, ऑफ, इन,
खुब्याच्या शिंपल्याएवढा,
पण पायाखाली आला की तळवा कापतो.

चार नंबरवाला पहाटे टॉवेल गुंडाळून आला,
वॉटर हॅज रन आउट!
मी बॅटरी घेऊन अंगणभर हिंडलो,
कुठून कुठे धावलं असेल पाणी?
अंगण कोरडं. मग टाकीत डोकावलो,
टाकीही कोरडी.
फेब्रुवारीच्या पाठीवर लिहिलं, रन आउट:
आधी टाकी बघणे.

पगाराचं विचारलं की कायतान बाब म्हणतो,
नंतर बघू.
लुक आफ्टर, मी मनात भाषांतर केलं
आणि डिक्शनरीत बघतो तर,
सांभाळणं, काळजी घेणं.
खरंच आहे. दोन महिने झाले,
बाब माझा पगार काळजीने सांभाळतो आहे.
पुट अप विथ मला त्याच रात्री पाठ झालं.

चादरी धुणारी सुलक्षा माझी पानं बघून हसते.
इंग्रजांना कशाला नावं ठेवतोस, म्हणते,
आपण काय कमी आहोत?
जेवून घे म्हणतो, काय घेतो हातात?
बोलून टाक म्हणतो, टाकायचं कुठे?
परवा बाबाने जादा पाळी विचारली
आणि तू म्हणालास, हो म्हणून बसलो.
उभाच तर होतास.

जानेवारीत मिसेस हॉलिस आल्या.
नऊ हिवाळे येणारं जोडपं,
दोन नंबर, माडांकडची खिडकी,
साहेबांना सकाळी उंडो आणि काळा चहा.
या खेपेला रजिस्टरात एकच नाव.
अँड सर? मी विचारलं.
ही पास्ड अवे इन जून, त्या म्हणाल्या.

पास म्हणजे पुढे जाणं. अवे म्हणजे लांब.
कुठे लांब गेले असतील,
साहेबांना भटकण्याची हौस होतीच.
व्हेन विल ही कम बॅक, मॅडम?
मी विचारून बसलो.
उभाच तर होतो.

आधी त्या हसल्या. एवढ्या मोठ्याने
की पायरीवरचं कुत्रं उठून गेलं.
मग हसता हसता आत काहीतरी सुटलं.
ब्रेक डाउन मला ठाऊक होतं,
जनरेटरचं, माझ्या स्कूटरचं,
कोलवाळच्या पुलावर अडलेल्या बसचं.
माणसाचं होताना पहिल्यांदा बघितलं,
आणि बोलावायला कोणी मेकॅनिक नव्हता.
पाण्याचा पेला पुढे सरकवला.
त्या दिवशी नशिबाने पाणी होतं.

मग त्यांनीच माझं कॅलेंडर ओढलं,
जून शोधला, पाठीवर दोन शब्द लिहिले
आणि समोरची जागा मोकळी सोडली.
तुझ्या भाषेत तू लिही, म्हणाल्या,
आणि किल्ली घेऊन वर गेल्या.

वारले. निवर्तले. देवाघरी गेले.
सरळ शब्द आमच्याकडेही
कोणी कोणाच्या तोंडावर वापरत नाही.
बराच वेळ पेन धरून राहिलो.
शेवटी लिहिलं, गेले.
आणि खाली बारीक अक्षरात,
परत कधी, हे विचारू नये.

तीन वाजले तरी दोन नंबरबाहेरचा दिवा जळत होता.
रात्री जादा दिवे बंद करायचे, बाबाचा हुकूम.
टर्न ऑफ, स्विच ऑफ, पुट आउट,
तीन तीन शब्द येतात मला त्यासाठी.
बटणापर्यंत गेलो,
म्हटलं, राहू दे.