अधिवासाचा रकाना

लबनच्या धुतलेल्या बाटलीत घालून
खलफान घेऊन आला ते.
"फलजमधलं आहे. बकऱ्या चाटतात. मरतील का, सांग."
फलज म्हणजे आपला पाटच,
फक्त डोंगराच्या पोटातून निघालेला.

एक थेंब काचेवर. चारशेपट.
निळसर हिरव्या मण्यांचे धागे,
टोकाला एकेक फिकट मणी, उजेड आरपार जाणारा.
सिलिंड्रोस्पर्मम. इथवर सोपं.

पुढे किल्ली लागते.
किल्लीत प्रश्न जोडीजोडीने येतात:
बीजाणू एकटा की रांगेत?
भिंत गुळगुळीत की खरखरीत?
असेल तर सातवर जा, नसेल तर अकरावर.
मी अकरावर जाते, परत सातवर येते.
बीजाणू कोवळे आहेत अजून,
पिकल्याशिवाय जात सांगत नाहीत.

जात विचारायचा पगार मिळतो मला इथे,
साडेतीनशे रियाल.
निलंग्याच्या शाळेत गुरुजी
हजेरीपटावरून ती मोठ्यांदा वाचायचे,
तेव्हा मी बाकाच्या फळीतल्या
गाठी मोजत बसायचे.
आईकडे या सगळ्याला एकच शब्द होता, शेवाळ,
आणि एकच सूचना, पाय जपून.

शुक्रवारी जागा बघायला गेले.
निझव्याच्या बाहेर, शेहेचाळीस अंश.
फलज स्वच्छ, खळाळता, तळाचा खडा न् खडा दिसणारा.
बारके मासे पायाला तोंड लावून गेले.
हिरवं काहीच नाही.
"कुठंय?"
खलफानने हनुवटीने दाखवलं:
नव्या विश्रामगृहाची पश्चिमेची भिंत,
एसीची पांढरी नळी,
टप्. बराच वेळ काही नाही. टप्.
खाली गाळावर तळहाताएवढी
काळपट निळी साय.
तिथून निघालेली ओल
पाटाच्या वीतभर अलीकडे वाळून गेलेली.

"हे फलजमधलं नाही."
"फलजच्या शेजारचं आहे," तो म्हणाला,
जणू मी शब्दाचा कीस पाडत होते.

फॉर्मवर, जाती: अनिश्चित.
अधिवास: नदी, तळं, विहीर, पाट, इतर.
'इतर'वर खूण केली, पुढे लिहिलं,
यंत्राचं पाणी, दुपारपर्यंत सावली.
एवढ्यात रकाना भरला.

बकऱ्या तीन आठवडे लांब बांध म्हटलं.
त्याने बाटली परत मागितली.
मी ती दोनदा विसळली,
तरी तळाशी थोडं राहिलंच.