यात कुणी मेलेलं नाही

सेमिनरी हिल्सच्या उतारावर आमची लॅब.
मे महिना. कूलरच्या ताटीत खस कमी, धूळ जास्त.
तळघरात निनावेकाका दगड कापून राहिलेत.
आडनावच निनावे. सात पिढ्या हातमागावर गेल्या,
आठवीच्या वाट्याला दगड आला.
काचेवर चिकटवून घासत घासत नेतात तो
केसाहून पातळ, उजेड आरपार जाईस्तोवर.
"लुगडं काय न् दगड काय," म्हणतात,
"कुठं थांबायचं ते बोटाले समजते."

आजचा तुकडा पवनीकडच्या बोअरचा,
एकशे ऐंशी मीटर खालचा.
हिरवा, सापाच्या कातीसारखा चकाकणारा,
चुंबक नेलं की हळूच ओढ घेणारा.
त्याची गोष्ट लांबलचक नाही:
दगडात लोखंड होतं. भेगेतून पाणी आलं.
लोखंडानं ऑक्सिजन ठेवून घेतला
आणि हायड्रोजनला म्हटलं, तू जा.
जायला वाट नव्हती.
मग तो बसून राहिला सुईच्या टोकाएवढ्या बुडबुड्यांत,
आणि कुठे कार्बन भेटलाच
तर त्याचा हात धरून मिथेन झाला.
ना पान, ना शेवाळ, ना कुणाचं हाड.
बघायला कुणी नव्हतं,
त्यामुळे घाईही नव्हती.

माझे बाबा सिल्लेवाड्याच्या खाणीत होते.
कोळसा म्हणजे जंगल, हे मला
पुस्तकाच्या आधी त्यांच्या रुमालानं शिकवलं.
खोकून खोकून ते काढायचे पांढऱ्या कापडावर
फूल म्हणजे काय हे कधीच न कळलेल्या
झाडांचा चुरा.
आमची शेगडी, माझी फी, कोराडीची धुराडी,
ताईच्या लग्नातली रोषणाई,
सगळं कुणाच्या तरी मरणावर पेटलेलं.
वाईट असं त्यात काही नव्हतं.
भात शिजायचा.

वर माझ्या टेबलावर यंत्रानं कागदावर दोन टेकड्या काढल्या:
एक उंच, सुळक्यासारखी, हायड्रोजनची,
एक बुटकी, मिथेनची.
बुटकीचा कार्बन तपासायला हैदराबादला धाडला होता.
उत्तर आलं: जड आहे, जिवाच्या हातचा वाटत नाही.
खाली बारीक अक्षरात: खात्रीनं सांगता येत नाही.
(खोल भेगेत एखादा जंतू लपलेला असू शकतो.
दूरच्या एखाद्या चंद्रावर मिथेनची तळी आहेत म्हणतात,
तिथे तरी कुणाला खात्री आहे?)

रात्री खापरखेड्याला बाबांना सांगितलं.
नाकात नळी, उशाला सिलिंडर,
लोखंडानं सोडला नसता असा ऑक्सिजन
ते थोडा थोडा ओढत होते.
म्हटलं, बाबा, एक गॅस सापडलाय,
जळतो, पण त्याच्यामागे कुणी मेलेलं नाही.
ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले,
"मंग त्याले वारस कोन?"

आज दुपारी निनावेकाकांनी हाक मारली.
सूक्ष्मदर्शकाखाली छेद. हिरव्या जाळीत
काल गोल, काळ्या काठाचा बुडबुडा होता तिथे
नुसती खळगी.
"जरा जास्त घासल्या गेलं, बाई."
आवाज झाला नाही, वास नाही, काही नाही.
अब्ज-दीड अब्ज वर्षं बसलेला तो
एव्हाना झरोक्यातून निघून
सीताबर्डीच्या किल्ल्यावरून, धुराड्यांच्याही वरून
चाललाय.
इतका हलका, की पृथ्वीलासुद्धा
त्याला कायमचं धरून ठेवता येत नाही.

काकांनी वही उघडली, चष्मा वर सरकवला.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं
याचा थोडा विचार केला, मला विचारलं नाही.
विणकराच्या बारीक, सरळ अक्षरात
छेद क्रमांकापुढे लिहिलं:
एक गेला.