त्रेचाळीस नग

ग्रँट रोडला, भाजी गल्लीच्या तोंडाशी
मुर्तझाभाईंच्या दुकानाची पाटी अजून आहे,
फक्त 'म्यु' गळून पडलाय, राहिलंय 'झिक सेंटर'.
काउंटरवर मोबाइलची कव्हरं, चार्जर, कानात घालायच्या वायरी,
आणि मागे, अंधाराला टेकून, तीन खोके.

मी पिशवी उपडी केली.
त्रेचाळीस.
त्यांनी पत्त्यांसारख्या पिसल्या,
एक उघडून उजेडात तिरकी धरली.
ओरखडे शोधायची त्यांची जुनी सवय,
मुलगी बघायला आल्यासारखे बघायचे
आणि वीस रुपये पाडायचे.
आज ओरखडे दिसले, तरी बोलले नाहीत काही.
तिथेच कळलं मला.

अठ्ठ्याण्णव साली एकेक चारशे पंच्याण्णवला.
टेलिफोन खात्यात होते मी, रात्रपाळीचा भत्ता
वेगळ्या पाकिटात ठेवायचे; महिन्याला एक.
सहा साली घराला रंग काढला तेव्हा दहा विकल्या,
एकशे वीसने.
"बेन, इम्पोर्टेड असती तर दीडशे दिले असते."
अकरा साली चाळीस. मग पंधरा.
मग नुसतंच 'नंतर या'.

"सगळ्याचे दोनशे," आता म्हणाले, "तेही तुमच्याकडे बघून.
डब्या प्लास्टिकवाला किलोवर नेतो,
तबकड्यांना तोही नको म्हणतो.
गिऱ्हाईक उरलंय एकाच जातीचं,
कबुतरांनी गांजलेलं.
राग कुठला, गायलंय कोण, काही नाही.
विचारतात, चमकते ना?"
हसले. मग मीही.
माझा मारवा कुणाच्या तरी सातव्या मजल्यावर
ग्रिलला सुतळीने लटकणार.
सूर्य मावळताना झळकेल,
म्हणजे वेळेवर तरी.

ते नोटा मोजेपर्यंत मी मागचा खोका चाळला.
बुरशीचा वास. तिसऱ्या रांगेत एक,
आतल्या कागदावर निळ्या शाईत माझंच अक्षर:
सु. धैर्यवान, ११ मार्च ९८.
सहा सालातली. एकशे वीसवाली.
पाठीवर त्यांची चिठ्ठी:
२२०, खोडून १५०,
खोडून ८०,
खोडून ३०.
त्याखाली लिहायला जागाच नव्हती.

इतकी वर्षं मला वाटायचं, हा माणूस मला लुबाडतो.

"कितीला?"
"तुमचीच आहे, घेऊन जा."
"नाही. कितीला?"
त्यांची मान जरा सरळ झाली.
"पन्नास."
"चिठ्ठीवर तीस लिहिलंय."
"तो जुना भाव, बेन."
पस्तिसाला तुटलं.

घरी प्लेअर आहे, त्याचा खण उघडत नाही.
डबीच्या मधल्या दातांतले दोन तुटलेत,
त्यामुळे नाना चौकापर्यंत ती
पिशवीत खुळखुळत राहिली,
कुठल्याच लयीत नाही.